मानभावी कोण?

तोंडाने गोड बोलावे, मान लववून नमस्कार करावा आणि पाठ फिरताच दुसऱ्याच्या पानातले ओढून घ्यावे, अशा गृहस्थास आपण मराठी माणसे 'मानभावी' म्हणतो. शब्द मोठा सोयीचा आहे. नाटककारास तो खलपुरुषाच्या वर्णनास लागतो, अग्रलेख लिहिणारास प्रतिपक्षाच्या पुढाऱ्यासाठी लागतो, आणि घरात सासवासुनांच्या कलहातही वेळप्रसंगी उपयोगी पडतो. त्याच्याच जोडीस 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण म्हणींच्या संग्रहांतून आणि मुलांच्या पाठांतरातून सुखेनैव नांदत आहे. (बिचाऱ्या कसाबाने तरी कोणाचे काय घोडे मारले आहे, हा प्रश्न निराळा; तूर्त तो बाजूस ठेवू.) आमचा प्रश्न इतकाच की, या म्हणीतला हा 'मानभाव' कोण?

हा प्रश्न आम्ही बी. ए. च्या वर्गात अनेक वर्षे विचारीत आलो आहो. पुष्कळांस तो कोणी तरी भोंदू बैरागी असावा असे वाटते. कोणी बुद्धिमान विद्यार्थी 'मान' आणि 'भाव' अशी फोड करून, मानाचा नुसता भाव आणणारा तो मानभावी, अशी व्युत्पत्ती जागच्या जागी बनवून देतो. बाकीचे गप्प बसतात. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उठून शांतपणे उत्तर दिले, "सर, ते आम्ही." त्याच्या घराण्यात कित्येक पिढ्यांपासून महानुभाव पंथाचा उपदेश होता. त्या मुलाने शाळेत ही म्हण पाठ केली होती, वाक्यात तिचा उपयोग करून दाखविला होता, आणि त्याबद्दल त्यास गुणही मिळाले होते.

'मानभाव' हे 'महानुभाव' या शब्दाचे झिजलेले रूप आहे. लोकांच्या जिभेवर उच्चार झिजणे हा काही अपराध नव्हे. ज्ञानेश्वरांच्या भाषेतील किती तरी शब्द आज झिजून गेले आहेत. परंतु येथे उच्चाराबरोबर अर्थही झिजला, आणि तो आपोआप झिजला नाही, झिजविला गेला. सातपुडा ओलांडून हिंदीच्या मुलखात जावे, तर भर सभेत वक्ता श्रोत्यांस 'महानुभाव' म्हणून आदराने हाक मारतो. त्याच शब्दाचे लेकरू आपल्या घरी मात्र शिवी होऊन बसले आहे. एखाद्या जिवंत धर्मपंथाचे नाव हेच ज्या भाषेत दांभिकपणाचे नाव झाले, त्या भाषेच्या सुशिक्षित भाषकांस याची खंत तर नाहीच, पण खबरही नाही, ही आमची तक्रार आहे.

आणि ही तक्रार दूरच्या कोणा अज्ञात पंथाविषयी नाही. हे लिहिणारा ज्या छत्रपती संभाजीनगरात राहतो, तेथून पैठण पन्नासेक किलोमीटरांवर आहे. त्या पैठणात, यादवांच्या राजवटीत, सन १२६७-६८ च्या सुमारास श्रीचक्रधरांनी संन्यासाचा स्वीकार केला आणि पंथाच्या इतिहासाची गणना तेथून होते. बाइसा, महदाइसा, नागदेवाचार्य ही मंडळी ज्या प्रवासात त्यांच्याभोवती जमली तो प्रवास बहुतांशी याच गोदातीरावरचा. वेरूळच्या लेण्यांत स्वामींचा मुक्काम काही महिने होता. लीळाचरित्रात त्या मुक्कामातील लीळा आहेत. शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात 'जाळीचा देव' हे पंथाचे मोठे स्थान आहे आणि तेथे यात्रेस लोटणारी गर्दी आमच्या बसस्थानकावरूनच जाते. तथापि आमचा सुशिक्षित कुटुंबवत्सल गृहस्थ सुटीच्या दिवशी मुलाबाळांस घेऊन पैठणास गेला म्हणजे काय पाहतो? नाथांच्या समाधीचे दर्शन घेतो, जायकवाडीचा जलाशय पाहतो, पत्नीच्या आग्रहास्तव पैठणीच्या मागापुढे खिसा हलका करतो आणि परत येतो. यांतील एकही गोष्ट गैर नाही. वेरूळास गेला म्हणजे कैलास लेणे पाहून राष्ट्रकूटांचा अभिमान बाळगतो, तोही योग्यच. परंतु मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ ज्याच्या चालण्या-बोलण्याने भरला आहे, तो पुरुष याच पायऱ्या चढला-उतरला, हे त्यास कोणी सांगत नाही आणि तोही कोणास विचारीत नाही. महानुभावांनी आपल्या परीने यांतील एकेक जागा स्मरणात ठेविली आहे. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, कोठे जेवले, याची नोंद करणारी 'स्थानपोथी' त्यांच्यापाशी आहे, आणि त्या त्या जागी ओटे बांधून ते आज साडेसातशे वर्षांनंतरही तेथे दंडवत घालतात. भूगोल त्यांचा धर्म आहे; आणि त्याच भूगोलावर राहून आपण त्या धर्माविषयी अनभिज्ञ आहो. ज्या शहराने आपल्या नावाच्या प्रश्नावर तीन दशकांहून अधिक काळ कंठशोष केला, आणि ज्याचे नाव अखेर २०२३ साली बदलले, त्या शहरात तरी दुसऱ्याच्या नावाची किंमत कळावयास हरकत नव्हती.

ज्या पंथाचा संस्थापक कोण हे बाहेरच्यांस ठाऊक नसते, त्या पंथास संस्थापकही बाहेरचेच लोक बनवून देतात. पंथाची स्वतःची परंपरा स्पष्ट आहे. चक्रधर हे मूळचे गुजरातेतील भडोचचे, प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. हरिपाळदेवांच्या मृत देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा आहे. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, वऱ्हाडात रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट झाली आणि प्रधानपुत्राचे जीवन तेथे संपले. यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने ठेवू नये. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील कोणता भाग घ्यावा व कोणता सोडावा हेही त्याचे त्याने ठरवावे. परंतु महाराष्ट्रातील गावगप्पांनी काय केले? त्यांनी चक्रधरांस साफ पुसून टाकले आणि त्यांच्या जागी 'कृष्णभट' नावाचा एक मांत्रिक उभा केला. त्यास म्हणे वेताळाकडून एक मुकुट मिळाला. तो डोक्यावर घातला की तो साक्षात श्रीकृष्णासारखा दिसे. अशा रीतीने त्याने भोळ्याभाबड्या लोकांस, विशेषतः स्त्रियांस, नादी लाविले. शेवटी हेमाडपंताने युक्तीने तो मुकुट काढून घेतला व कपट उघडकीस आणिले. कथा कोणत्याही चतुर हरदासास शोभेल अशी आहे. तीत एकच उणीव आहे. जो संस्थापक म्हणून तीत येतो त्याचे नाव पंथाच्या गुरुपरंपरेत त्या जागी कोठेही नाही.

या गावगप्पा पुढे इंग्रजी अंमलात सरकारी विद्वत्तेचा पोशाख घालून छापल्या गेल्या. मध्यप्रांतातील जातिजमातींवर रसेल व हिरालाल यांचा जो प्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यात या पंथाच्या शत्रूंनी सांगितलेली व्युत्पत्तीही नोंदलेली आहे. ती अशी की, एका बहिष्कृत ब्राह्मणास मांग स्त्रीपासून झालेले पुत्र ते 'मांगभाऊ', आणि त्याचेच पुढे 'मानभाऊ' झाले. रसेलसाहेबांस दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी 'हे विरोधकांचे म्हणणे' असे सांगूनच ते लिहिले आहे. खेद याचा की, हे म्हणणे त्यांस पुरविणारे लोक आपल्याच प्रतिष्ठित समाजातले होते आणि 'मांगाचा भाऊ' यापरती मोठी शिवी त्यांस सुचली नाही! ज्या गोविंदप्रभूंस पंथ ईश्वरावतार मानतो ते रिद्धपुरात महारामांगांच्या घरीदारी वावरत, असे त्यांच्या चरित्रातच सांगितले आहे. पंथाच्या ग्रंथांत जे भूषण म्हणून सांगितले, तेच बाहेरच्यांनी कलंक म्हणून त्यांच्या कपाळी लाविले.

असे सर्वत्रच घडते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे उदाहरण घ्या. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या माणसास हा पंथ ठाऊक असतो, पण कशाने? शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धात यूटाच्या वाळवंटातील मॉर्मन लोक हे मुली पळविणारे व पंथ सोडणारास गुप्तपणे ठार मारणारे म्हणून रंगविले आहेत. डॉईलने रहस्यकथा लिहिली. आपण तिचा धर्मकोश केला. अनेक बायका करणारे ते मॉर्मन, एवढ्यावर आपले ज्ञान संपते. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा १८०५ साली जन्मला. देवदूताने दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण भाषांतर केले असे सांगून त्याने १८३० साली 'बुक ऑफ मॉर्मन' छापले. त्याच्या अनुयायांस राज्याबाहेर घालवावे अथवा त्यांचा निःपात करावा असा हुकूम मिसूरीच्या गव्हर्नराने १८३८ साली काढला, आणि तो रीतसर मागे घेतला जाण्यास १९७६ साल उजाडले. १८४४ साली इलिनॉयमधील कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने घुसून स्मिथला गोळ्या घालून मारले. हे सारे त्या कादंबरीच्या वाचकास कोठे ठाऊक असते?

आता सोन्याच्या पत्र्यांवर आमचा विश्वास नाही. बहुपत्नीत्वाची गोष्टही विरोधकांनी रचलेली नव्हे. पंथाने १८५२ साली ती उघडपणे जाहीर केली आणि १८९० च्या जाहीरनाम्याने ती बंद करण्याचे पाऊल उचलले. संस्थापकाने स्वतः अनेक विवाह केले होते, हे तर त्या चर्चने २०१४ साली आपल्याच लेखात मान्य केले. स्मिथचे कागदपत्र विद्वानांच्या संपादनाखाली खंडशः छापण्याचे कामही त्या चर्चनेच २००८ पासून चालविले. आणि २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी जगास सांगितले की, आम्हांस 'मॉर्मन' हे टोपणनाव लावू नका, आमच्या चर्चचे पुरे नाव घ्या. या विनंतीची पुष्कळांनी थट्टा केली. आम्हांस मात्र ती थट्टेची वाटत नाही. टीका करावयाची ती माणसाचे खरे नाव घेऊन, त्याचा ग्रंथ उघडून करावी, एवढेच तर त्यात मागणे आहे. शिवाय 'मॉर्मन' ही अमेरिकेत शिवी झाली नव्हती. कोणी लबाडी केली तर तेथे त्यास मॉर्मनपणा म्हणत नाहीत. ती मजल एकट्या मराठीने मारली आहे, आणि तीही दोनशे वर्षांच्या परक्या पंथाविषयी नव्हे, तर जो पंथ साडेसातशे वर्षे आपल्या उंबऱ्याशी भिक्षा मागत आला त्याच्याविषयी.

यावर पहिला आक्षेप येतो तो भाषापंडितांकडून. ते म्हणतात, शब्द एकदा रूढ झाला की त्याची व्युत्पत्ती मरते. 'मानभावी' म्हणताना कोणाच्या मनात तो पंथ नसतो. मग अपमान कोणाचा? युक्तिवाद दिसण्यात सफाईदार आहे. परंतु शब्दाची व्युत्पत्ती मरते ती बोलणाराच्या मनात. ऐकणाराच्या मनात ती मेलेली नसते. मागच्या बाकावरच्या आमच्या विद्यार्थ्याच्या मनात ती मेलेली नव्हती. आणि एखाद्या जातीच्या नावाचा शिवीसारखा उपयोग आज आपण वर्गात, न्यायालयात, वर्तमानपत्रात चालू देत नाही, तेव्हा तेथे 'शब्द रूढ झाला' ही सबब कोणी पुढे करीत नाही. ती सबब दुबळ्यांपुरतीच राखून ठेविलेली दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खुद्द संतांनी मानभावांवर टीका केली नाही काय? केली आहे. नाथांच्या भारुडांपासून तुकोबांच्या गाथेपर्यंत ती आढळते, आणि तिला कारणेही होती. महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार निरनिराळे पदार्थ मानले आहेत. देवता पुष्कळ, परंतु मोक्ष देण्याचे सामर्थ्य एकाही देवतेत नाही. ते एका परमेश्वरातच आहे, आणि त्याचे पाच अवतार म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. ज्या मराठी माणसाचा कुलस्वामी निराळा, ग्रामदैवत निराळे आणि वारी पंढरीची, त्यास हे ऐकून काय वाटेल? त्याच्या देव्हाऱ्यातील सारे देव या पंथाने एका दमात खालच्या पायरीवर बसविले. लीळाचरित्रात काही दैवतांविषयी जे उद्गार आहेत ते वारकऱ्यास आजही झोंबतील. तेव्हा विरोध झाला तो समजण्यासारखा आहे, आणि तो तत्त्वाचा विरोध होता तोवर त्यात कोणाचीच अप्रतिष्ठा नव्हती. परंतु याच संतांनी माळ घालून लबाडी करणाऱ्यावर, टिळे लावून पोट भरणाऱ्यावर, कीर्तन विकणाऱ्यावर काय थोडे कोरडे ओढिले आहेत? म्हणून 'वारकरी' हा शब्द ढोंग्याचा वाचक झाला का? झाला नाही, कारण वारकरी पुष्कळ होते आणि महानुभाव थोडे होते. संतांच्या टीकेवर खापर फोडून हा हिशेब मिटत नाही.

तिसरा वर्ग आक्षेप घेणारांचा नाही. तो कौतुक करणारांचा आहे, आणि आमच्या मते त्याचेच अज्ञान अधिक अवघड. आमचा व्यवसाय शिकविण्याचा असल्यामुळे या वर्गाशी आमचा रोजचा संबंध येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इतिहासाचार्य राजवाडे, 'महाराष्ट्र सारस्वत'कार भावे यांनी महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, पुढे यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने यांनी कामे केली, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी तर उभे आयुष्य या वाङ्मयास वाहिले. यामुळे मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. म्हाइंभटांचे लीळाचरित्र हा ज्ञानेश्वरीच्याही आधीचा गद्यग्रंथ म्हणून गणला गेला. महदाइसेच्या धवळ्यांमुळे तिला आद्य कवयित्रीचे आसन मिळाले. नरेंद्र आणि भास्करभट्ट बोरीकर अभ्यासक्रमात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान सांगताना लीळाचरित्राचे नाव व्यासपीठा-व्यासपीठावरून घेतले गेले. रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचा कायदाही २०२३ साली झाला.

हे सारे आनंदाचे आहे. परंतु या आनंदात पंथ कोठे आहे? पदवीपरीक्षेस बसलेला विद्यार्थी लीळाचरित्राची भाषिक वैशिष्ट्ये दोन पाने भरून लिहितो; यादवकालीन वस्त्रे, पक्वान्ने, नाणी यांची यादी देतो; परंतु ज्याच्या लीळा, तो पुरुष स्वतःस काय समजत होता, त्याचे शिष्य त्यास काय समजत होते, आणि त्यांनी हा ग्रंथ कशासाठी केला, हे विचारले म्हणजे त्याची लेखणी थांबते. स्वामी दृष्टीआड झाल्यावर म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्याने जे प्रत्यक्ष पाहिले वा ऐकिले ते त्याच्याच तोंडून मिळविले. नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. हा उद्योग त्यांनी गद्याचा नमुना सादर करण्यासाठी केला नाही. ज्यास ते परमेश्वर मानीत त्याचा एक शब्दही गळू नये यासाठी केला. देवाच्या आठवणीने कासावीस झालेल्या माणसांचे ते स्मरण आहे, आणि आपण त्यातील क्रियापदांची रूपे मोजतो! आपण या लोकांचे गद्य घेतले, त्यांची कवयित्री घेतली, त्यांची प्राचीनता घेतली आणि त्यांच्या नावाची शिवी मात्र होती तशीच ठेविली. सारस्वताच्या व्यवहारात इतका एकतर्फी सौदा दुसरा झाला नसेल.

सुधारकांची गोष्टही फारशी निराळी नाही. स्त्रियांच्या मासिक धर्मासंबंधी स्वामींनी जो निर्वाळा दिला, की शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही, त्यात विटाळ तो काय, तो आज भाषणांतून वारंवार सांगण्यात येतो. सांगावाच; तेराव्या शतकात हे बोलण्यास छाती लागते. स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला, जातिभेद मानला नाही, संस्कृताऐवजी मराठीस धर्मभाषा केले, हेही सर्व खरे. पण एवढ्यावरून चक्रधरांस आधुनिक समाजसुधारकांच्या पंक्तीत नेऊन बसविणे ही त्यांची ओळख नव्हे, आपलीच प्रतिमा त्यांच्यात पाहणे आहे. स्वामींचा उपदेश काय होता? घर सोडा, गाव सोडा, सोयरेधायरे सोडा, ओळखीचा देश सोडा. झाडाखाली राहा, भिक्षा मागून खा, मुंगीसही दुखवू नका, आणि परमेश्वराच्या स्मरणात जन्म क्षेपा. स्त्रीस त्यांनी जो अधिकार दिला तो संसारातील समानतेचा नव्हे, संसार टाकण्याचा. हा अर्थ आजच्या सुधारकास परवडणारा नाही, म्हणून तो त्याचे नाव घेत नाही. चक्रधरांच्याच दृष्टांतांत जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट आहे, ही गंमत येथे नमूद करण्यासारखी आहे.

आता पंथीय मंडळींसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. त्यांचा आम्हांस रोष झाला तरी चालेल. एकतर्फी वकिली करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. अक्षरांची अदलाबदल करून बनविलेल्या या लिप्या पंथाबाहेरच्यास वाचता येत नसत. देश धामधुमीत होता, पोथ्या नष्ट होत होत्या. लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि ते शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले, म्हणून तर त्याचे इतके पाठभेद आहेत. अशा वेळी ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा हेतू समजतो. परंतु त्याची किंमत जबर पडली. ज्या घराची दारे बंद, त्या घरात काय चालते याविषयी गाव वाटेल ते बोलतो. आणि दार उघडून 'या, पाहा' म्हणण्याची सोय घरच्यांनी ठेविलेली नसते. कृष्णभटाच्या मुकुटाची कथा दीर्घकाळ चालली, कारण तिला उत्तर देणारा ग्रंथ अस्तित्वात असूनही कोणास वाचता येत नव्हता. पोथ्या उघड करण्यात पुढे पंथातील काही महंतांनीच विद्वानांस साहाय्य केले, हे त्यांचे मोठेपण होय. असे असता आजही एखाद्या संपादकाने आपल्यास न रुचणारा पाठ छापला की त्याच्यावर संतापण्याची जी प्रवृत्ती अधूनमधून दिसते, ती पंथाच्या हिताची नाही. स्वामींच्या अखेरीविषयी पोथ्यांत मतभेद आहेत. ते उत्तरापंथे गेले ही पंथाची श्रद्धा आहे, आणि तिच्याहून निराळे सांगणारे पाठही आहेत. श्रद्धा श्रद्धेच्या ठिकाणी राहील. पाठ पाठाच्या ठिकाणी छापले जावेत. अमेरिकेतील त्या चर्चने आपल्या संस्थापकाचे अडचणीचे कागद स्वतः छापले, आणि त्यामुळे ते बुडाले असे काही दिसत नाही.

तथापि बंद दाराची सबब आता बाहेरच्यांस उरलेली नाही. छापील लीळाचरित्र मिळते, सूत्रपाठ मिळतो, दृष्टांतपाठ मिळतो. अमेरिकेतील विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी या पंथाच्या धर्मविचारावर १९८३ साली ग्रंथ लिहिला, आणि दुसऱ्याच वर्षी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. लंडनच्या विद्यापीठातील रेसाइड यांनी त्याआधीच या पंथावर लिहिले होते. पंजाबात 'जयकृष्णी' म्हणून ओळखले जाणारे या पंथाचे अनुयायी आहेत. फाळणीपूर्वी ते पेशावरच्या बाजूपर्यंत पसरले होते, आणि तेथले पंजाबी साधू आपले शास्त्र जुन्या मराठीत शिकत. मराठीची थोरवी गाणाऱ्या आपल्या सभांतून ही गोष्ट किती वेळा सांगितली गेली? कोणा पंजाबी मातेच्या पोरास यादवकालीन मराठी ही देवाची भाषा म्हणून कंठस्थ करावीशी वाटली, आणि आपल्या पैठणच्या पोरास त्या देवाचे नावही ठाऊक नाही.

मग करावयाचे काय? शब्दांवर बंदी घालावी, असे आम्ही म्हणत नाही. तसल्या बंद्या टिकत नाहीत आणि टिकू नयेत. परंतु मराठी काही शिव्यांच्या बाबतीत दरिद्री भाषा नाही. ढोंगी आहे, दांभिक आहे, लबाड आहे, संभावित आहे, बगळाभगत आहे; एक 'मानभावी' वगळला तर अग्रलेखाचे काही अडणार नाही. शाळेच्या पुस्तकांत आणि म्हणींच्या बालसंग्रहांत ती म्हण छापण्याचे काहीएक कारण नाही. कोशकारांनी शब्द ठेवावा, कारण कोश हा भाषेचा इतिहास आहे; पण त्याच्यापुढे तो एका विद्यमान धर्मपंथाच्या नावावरून निंदेने बनला आहे, अशी टीप स्पष्ट द्यावी. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात लीळाचरित्राच्या भाषेबरोबर त्यातील ईश्वरविचारावर निदान एक प्रश्न सक्तीचा असावा, आणि तो शिकविण्यापूर्वी प्राध्यापकाने सूत्रपाठ एकदा वाचलेला असावा. पैठणास व वेरूळास पुरातत्त्व खात्याचे आणि पर्यटन खात्याचे जे फलक आहेत त्यांत स्वामींच्या निवासाचा उल्लेख यावा. त्यास दोन ओळींपेक्षा अधिक जागा लागणार नाही. आणि दारी 'दंडवत' म्हणून भिक्षेस उभे राहणारे महानुभाव साधू किंवा तपस्विनी दिसल्या तर पीठ घालताना त्यांस त्यांच्या पोथीविषयी एक प्रश्न विचारण्यास कोणत्याच खात्याची परवानगी लागत नाही.